मागच्या सीटवरचं वजन

माझे कान तिखट आहेत, हे मला लग्न झाल्यावर कळलं. माहेरी सगळे मोठ्यानं बोलणारे, तिथं कानांना कधी कष्टच पडले नाहीत. सासरी उलटं. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड, तीन खोल्यांत नऊ माणसं, आणि सगळी हळू बोलणारी. नवऱ्याशी बोलायचं ते विहिरीपाशी, बादलीच्या आवाजाआड. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तरी त्यांच्याशी सलग दहा वाक्यं मी कधी बोलले नव्हते.

ते मोटार चालवायचे आणि दुरुस्तही करायचे. मोटार अर्थात मालकांची. मालक म्हणजे ओरत्तनाडूकडे शेती असलेले, आमच्याच भाषेतले एक वयस्कर गृहस्थ. देहानं भरभक्कम, स्वभावानं चांगले, फक्त त्यांच्या पाठीला हिसका बसला की स्वभाव बदलायचा. गोऱ्यांचं राज्य होतं, राजे जाऊन जमाना लोटला होता, पण मालक मोटारीत असे बसायचे की रस्त्यावरची जुनी माणसं अजूनही हात जोडायची. गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. ती काळी गाडी यांच्या हातात होती, म्हणून गल्लीत आम्हालाही थोडा मान होता. मला त्याचा गर्व होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी नवरात्राच्या सुमारास मद्रासहून एक खोका आला. यांनी तो घरी आणून उघडला तर आत काळ्याभोर रबराचे सहा जाडजूड वेढे, मधे भोक, भोकात लोखंडी नळी. मी म्हटलं, "हे तर उडदाचे वडे." हे क्वचित हसायचे, पण तेव्हा हसले. मग विहिरीपाशी उभं राहून त्यांनी मला समजावून सांगितलं. गाडीचं मागचं अंग दोन कमानींवर बसतं. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या कमानी. त्या जिथं गाडीला जोडतात तिथं आजवर पितळेचे बुश होते. पितळेचा बुश फिरतो, झिजतो, ठकठक करतो आणि सगळे हिसके मालकांच्या पाठीत पोचवतो. रबराचा बुश फिरत नाही. नळी बोल्टाला घट्ट धरून राहते आणि रबर जागच्या जागी पीळ खातं, ओझं उतरलं की परत सुटतं. मला हे फार आवडलं. जागच्या जागी पीळ खाणं मला चांगलंच माहीत होतं.

आमच्याकडे आयुधपूजेला घरातलं प्रत्येक हत्यार देवापुढं मांडतात. विळी, कातर, दौत, आणि आमच्या घरात यांचे पाने. आदल्या संध्याकाळी एकदा मांडले की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला धाडलं. मालकांच्या घरी कोलू, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांची पायऱ्यापायऱ्यांची आरास, मांडला होता, हळदीकुंकवाला मी तिकडे जाणारच होते, तेव्हा गाडीखान्यात जाऊन पाने घेऊन ये म्हणाल्या. मी गेले. गाडीचं मागचं अंग लाकडी ठोकळ्यांवर चढवलेलं होतं, मागची दोन्ही चाकं अधांतरी लोंबत होती आणि हे खाली आडवे.

"पाने द्या," मी म्हटलं. "दिवे लागायच्या आंत घरीं पाहिजेत."

"अर्धा तास."

"अम्मा वाट पाहतात. उशीर झाला तर तुम्ही उत्तर द्या, मज नाहीं देतां यायचें."

मी तिथंच उभी राहिले. उभी राहिलेली बायको म्हणजे काय हे नवऱ्यांना विचारा. यांनी भराभर सगळे नट आवळले, पाने पुसून पोत्यात बांधले, अगदी जॅकसुद्धा त्यात घातला, कारण तोही हत्यारच. गाडी तशीच ठोकळ्यांवर राहिली. घरी मी प्रत्येक पान्याला कुंकू लावलं, मोठ्याला दोन बोटं जास्तच.

दसऱ्याच्या सकाळी यांनी जॅक लावून ठोकळे काढले, गाडी खाली उतरवली आणि मालकांना देवळात घेऊन गेले. परत आले ते तोंड उतरवून. गाडी कण्हत होती. हिसका नाही, पण प्रत्येक खड्ड्याला मागून एक लांब आवाज यायचा, झोपेत कूस बदलणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. मालक म्हणाले, त्यापेक्षा पितळ बरं होतं. यांनी गाडी एकट्यानं फिरवून पाहिली तर आवाज नाही. मागं भाताची पोती टाकून फिरवली तर आवाज असावा, पण पुढं इंजिनाच्या घरघरीत यांना धड ऐकू येईना, आणि पोती काही सांगेनात.

त्यातच मालकांच्या मुलीची लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. आमच्या मुलखात पहिल्या दिवाळीला जावई सासुरवाडीला येतो आणि त्याचं कौतुक असं होतं की देवालाही हेवा वाटावा. त्याला स्टेशनावरून आणायला हीच गाडी जायची होती. मालकांनी यांना स्पष्ट सांगितलं: जावयासमोर गाडी कण्हता कामा नये. तोवर जमलं नाही तर तिरुच्चीहून दुसरा माणूस बोलावीन. यांच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या घरात मिळवणारे तेव्हा हे एकटेच होते.

मालकीणबाईंनी माझं नाव सुचवलं. झालं होतं असं की हळदीकुंकवाला मी त्यांच्या दिवाणखान्यात बसले असताना भिंतीवरचं घड्याळ मला लंगडताना ऐकू आलं होतं, एक टिक् लांब आणि एक आखूड. मी तसं बोलून गेले. नंतर कुणीतरी ते सरळ टांगलं आणि ते नीट चालू लागलं. ते त्यांच्या लक्षात होतं. त्या यांना म्हणाल्या, "पोतीं कशाला नेतोस? बायकोला ने. तिला कान आहेत." मालकीणबाईंचं म्हणणं सासूबाईंना मोडता येईना. त्यांनी नाक मुरडलं आणि मला हो म्हटलं.

अशी मी मोटारीत बसले. मागच्या सीटवर, मालकांच्या जागी, नऊवारी सावरत. रोज दुपारची जेवणं झाली, मालक आडवे झाले की आम्ही निघायचो. मालक उठायच्या आत परतायचं. गाव सुटलं की रस्ता ओरत्तनाडूकडे वळायचा, नव्या कालव्याच्या कडेनं. आश्विन संपत आलेला, आभाळ भरलेलं, लावणी झालेल्या खाचरांत पाणी उभं, आणि त्या पाण्यात नारळाची झाडं उलटी. मला वाटायचं आपण दोन आभाळांच्या मधून चाललोय. बगळे उडायचे ते खालीही उडायचे. वारा लागून माझे डोळे जड व्हायचे, आणि मग एखाद्या मोरीवरून गाडी जायची, मागून तो कण्हण्याचा आवाज उठायचा आणि मी भानावर यायचे.

"आलें?" पुढून हे विचारायचे.

"आलें."

"कोठून?"

"माझ्या डाव्या पायाखालून. थांबा. आतां उजवीकडूनही."

हे गाडी थांबवायचे. खाली उतरून एक गोष्ट तपासायचे आणि पुढं न्यायचे. एका वेळी एकच गोष्ट, हा त्यांचा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुणामुळं बरं वाटलं ते कळत नाही, असं ते म्हणायचे. पहिल्या दिवशी मागची हत्यारपेटी काढून घरी ठेवली. आवाज होता तसाच, म्हणून पेटी परत गाडीत गेली. दुसऱ्या दिवशी धुराच्या नळीचा पट्टा आवळला, दाराच्या बिजागऱ्या बघितल्या. तिसऱ्या दिवशी कमानीच्या पट्ट्यांमधे तेल सोडलं, मात्र फडकं गुंडाळून, रबराला एक थेंब लागू न देता. तेल लागलं की रबर कुजतं म्हणे. मालकांचा जुना गाडीवान रोज सांगायचा, बैलगाडीच्या कण्याला घालतात तसं एरंडेल घाला, आणि हे रोज दात ओठ खाऊन मान हलवायचे. पट्ट्यांची बारीक चिरचिर गेली. कण्हणं राहिलं.

आणि मधल्या वेळात आम्ही बोलायचो. पुढच्या सीटवरून मागं आणि मागून पुढं, इंजिनावर आवाज चढवून. घरी कुजबुजायची सवय झालेली दोन माणसं, रानात ओरडून बोलायला लागलो. ते लहानपणी गावच्या जुन्या कालव्यात बुडता बुडता वाचले होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांना कारलं आवडत नाही आणि दोन वर्षं ते माझ्यासाठी खात होते, हे कळलं. मी त्यांना सांगितलं की लग्नात मला ते अजिबात आवडले नव्हते. ते तमिळीत "शरी" म्हणाले, म्हणजे बरं, आणि मग, "आतां?" मी म्हटलं, "रस्त्याकडे पाहा." छत्राच्या, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेच्या, अलीकडे एका चिंचेखाली थांबून आम्ही डब्यातला दहीभात खायचो, एकाच पानावर. मी आयुष्यात इतकी सुखी कधी नव्हते, आधीही नाही आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

चौथ्या दिवशी मला कळलं.

त्या दिवशी घाईनं लुगडं नेसले होते. कोरं, कांजीचं, कडक. उभ्या उभ्याच श्वास रोखून निऱ्या करकचून खोचल्या आणि कासोटाही तसाच ताणून मागं खोचला. गाडीत बसले तशी कंबर आवळली. बसणं म्हणजे देहाचा आकार बदलणं, आणि मी ते उभ्या देहावर बांधलं होतं. मोरी आली, मी उसळले, लुगडं कमरेशी करकरलं आणि त्याच क्षणी खालून गाडीही कण्हली. दोघींचा आवाज एकच. मी तशीच बसून राहिले. डोळ्यापुढं ती संध्याकाळ उभी राहिली: ठोकळ्यांवरची गाडी, अधांतरी लोंबणारी चाकं, कमानी सैल सुटलेल्या, आणि त्या अवस्थेत आवळलेले सहाच्या सहा नट. पितळ असतं तर कुठंही आवळा, ते फिरून जागेवर आलं असतं. रबर फिरत नाही. ते गाडीच्या उभ्या अंगावर नेसवलं होतं, आणि मग गाडी बसली. तेव्हापासून ते पीळ घेऊनच जगत होतं, आणि वर माणूस बसला की आणखी पीळ खात होतं.

आणि दारात उभं राहून घाई केली ती मी.

हे सगळं मला एका मोरीपासून दुसऱ्या मोरीपर्यंत कळलं. पुढून यांनी विचारलं, "आलें?" मी म्हटलं, "आलें." त्यांनी विचारलं, "कोठून?" मी म्हटलं, "नीट कळत नाहीं."

घाई मी केली ही लाज होतीच, नाही म्हणत नाही. पण लाजेसाठी मी गप्प बसले नाही. आवाज सापडला की संध्याकाळी गाडी गाडीखान्यात आणि मी विहिरीपाशी, एवढंच मला दिसत होतं. दिवाळी अजून लांब आहे, अशी मी मनाची समजूत घातली. दोन दिवस आणखी. मग आणखी एक. मी मूग गिळून बसले आणि गाडी माझ्या खाली कण्हत राहिली. पाण्यातलं आभाळ तसंच होतं, बगळे तसेच. फक्त आता प्रत्येक मोरीला मला आधी ठाऊक असायचं की आवाज येणार, आणि तो यावा असं मला वाटायचं. कधी कधी तो आला नाही तर मी घाबरायचे.

हे मात्र खंगत चालले. जेवताना मधेच हात थांबायचा. रात्री निजलेल्या घरातही त्यांना आवाज ऐकू यायला लागला. ज्या माणसानं मला इतकी वाक्यं दिली होती तो पुन्हा कमी बोलू लागला, आणि मी ते चिंचेखाली दहीभात वाढताना बघत होते, तरी गप्प होते. इतकी मी स्वार्थी होते. लिहिताना आजही कान तापतात.

नवव्या दिवशी त्याच चिंचेखाली हे गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते मूठ मिटून. माझ्यापुढं मूठ उघडली तर तळहातावर काळा चुरा, तीळ सांडावेत तसा.

"रबर तुटतें आहे," ते म्हणाले. "मज हें काम येत नाहीं. आज जाऊन सांगतों, दुसरा माणूस बोलवा म्हणून."

ते कुणावर चिडले नव्हते, हेच मला सोसेना. मी बसत होते, हसत होते, वारा खात होते आणि माझ्या खाली ते रबर दाण्यादाण्यानं तुटत होतं. त्याच्याबरोबर या माणसाचा आपल्या हातांवरचा विश्वासही. मी उठून उभी राहिले.

"तुम्ही नट चाकें लोंबत असतां आवळले," मी म्हटलं. "मी घाई केली म्हणून. गाडी खालीं बसल्यावर आवळायला पाहिजे होते." मग लुगड्याचं सांगितलं, कमरेला हात लावून दाखवलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग गाडीकडे. ओठ हलत होते, मनात सगळं जुळवून पाहत असावेत. "होय," ते म्हणाले. "होय की." आणि थोड्या वेळानं, "हें तुज आज सुचलें?"

इथं मी आणखी एक खोटं बोलू शकले असते. "नाहीं," मी म्हटलं. "चवथ्या दिवशीं."

"आज नववा."

"आवाज सांपडला असता तर फिरणें थांबलें असतें."

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून हात धुतले, सावकाश, नखांतला काळा चुरा निघेपर्यंत. मला वाटलं आता हे मला इथंच सोडून जातील, आणि मी रडायला लागले. मग त्यांनी पाने काढले.

"मागें बैस," ते म्हणाले.

चारही चाकं जमिनीवर होती. ते खाली शिरले आणि सहाही नट सैल केले. एकेक सुटताना गाडीतून एक बारीक सुस्कारा आल्याचं मी माझ्या बैठकीत ऐकलं, आणि गाडी केसभर खाली बसली. मग त्यांनी बाहेर डोकं काढून माझ्याकडे पाहिलं, हिशेब केल्यासारखं.

"मालक तुझ्या दुप्पट आहेत."

रस्त्यावरून भाताच्या पोत्यांची बैलगाडी चालली होती. गाडीवानाला विनवून एक पोतं थोडा वेळ मागून घेतलं आणि माझ्या शेजारी ठेवलं. मी आणि पोतं मिळून मालक झालो. "हलूं नको," ते म्हणाले आणि पुन्हा खाली गेले. मी हलले नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. पाना फिरताना येणारी कटकट मी मोजत होते, नटामागून नट, आणि मला कळत होतं की शेवटचा नट आवळला की माझं काम संपलं. शेवटच्याला त्यांनी फार वेळ घेतला. इतका वेळ एका नटाला लागत नाही.

परत येताना गाडी गप्प होती. मोरी आली, गेली. कुणी "आलें?" विचारलं नाही. गावात शिरताना त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढं गेले.

जावई आला, दिवाळी झाली. काय बिघडलं होतं असं मालकांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "माझी चूक झाली होती, सुधारली." माझी घाई नाही सांगितली, माझी पाच दिवसांची चोरीही नाही. मी त्या गाडीत पुन्हा बसले नाही. बसायला कारण नव्हतं. पुढच्या आयुधपूजेला पाने दुपारीच घरी आले आणि मी गाडीखान्याच्या वाटेला गेले नाही. रोज सकाळी गल्लीच्या तोंडावरून गाडी जायची, मी चुलीपाशी असायचे आणि कान देऊन ऐकायचे. काहीच ऐकू यायचं नाही. मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

पुढं महायुद्धात पेट्रोल मिळेना झालं आणि मालकांनी गाडी विकली. विकायच्या आधी यांनी जुने बुश काढून नवे घातले, आणि संध्याकाळी एक जुना बुश घरी आणला. विहिरीपाशी मला बोलावून हातात दिला. तोवर आम्हाला दोन मुलं झाली होती आणि घरात बोलायला तशी भीती उरली नव्हती, तरी आम्ही महत्त्वाचं तिथंच बोलायचो. एका कडेचं रबर थोडं तुटलेलं होतं, ते त्या नऊ दिवसांचं. बाकी सगळीकडून सारखं झिजलेलं, कुठं पीळ नाही. मी तो वेढा फिरवून फिरवून बघितला. आज तो आमच्या कोलूत सगळ्यात खालच्या पायरीवर असतो, आणि सुना विचारतात हे काय म्हणून.

तो देताना ते म्हणाले होते, "मालक उतरले, मालकीणबाई उतरल्या, जांवई उतरला. तूं मात्र त्या गाडींतून उतरलीसच नाहीं."